घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो, पेडल खाली जातं? पॅड बदलायच्या आधी हे बघा

पावसाळा लागला की अर्धं पुणं शनिवार-रविवारी चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणीला जातं आणि सोमवारी त्यातल्या कुणाची ना कुणाची तीच तक्रार असते, की जाताना मस्त गेलो, धबधबे बघितले, भजी खाल्ली, पण पायथ्याच्या विळे गावाकडे खाली उतरता उतरता पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला, ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, घाबरून गाडी बाजूला लावली, अर्ध्या तासाने निघालो तर सगळं परत नॉर्मल. मग गॅरेजला न्यायची, तिथे चाक खोलायचं, "साहेब पॅड गेलेत" ऐकायचं, पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारे तुकडे) बदलायचे आणि पुढच्या महिन्यात वरंधला नाहीतर महाबळेश्वरहून पोलादपूर उतरताना परत तोच वास, परत तेच पेडल. पॅड नवीन असताना!

माझं स्पष्ट मत सांगतो, सपाट रस्त्यावर ब्रेक ठणठणीत आणि घाटातच त्रास असेल तर दहातल्या आठ-नऊ गाड्यांत पॅडचा काही संबंध नसतो. आधी बघायचा तो उतरताना टाकलेला गिअर, त्यानंतर ब्रेक ऑइल, म्हणजे पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं तेल, किती जुनं आहे ते, आणि पॅड सगळ्यात शेवटी. गॅरेजवाला उलट्या क्रमाने जातो कारण त्याला चाक खोलल्यावर पॅड दिसतो, तुम्ही कुठल्या गिअरमध्ये उतरलात ते त्याला कुठून दिसणार.

थोडा हिशोब करू म्हणजे हे का होतं ते डोक्यात बसेल. गाडी, पाच माणसं आणि डिकीतलं सामान मिळून दीड हजार किलो धरा, आणि घाटमाथ्यापासून कोकणातल्या पायथ्यापर्यंत उतार पाचशे मीटरचा धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना साधारण ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. या उष्णतेत नळाचं वीस-बावीस लिटर पाणी, म्हणजे अंघोळीची अख्खी बादली, उकळेल. घाटात स्पीड कमी असतो त्यामुळे हवेचा विरोध फार काही खात नाही. उरलं काय, इंजिन आणि ब्रेक. इंजिनाला खाऊ दिलं नाही की ती उकळती बादली जवळजवळ सगळी चार चाकांच्या ब्रेकवर, त्यातही जास्त करून पुढच्या दोन डिस्कवर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि पोलादपूर अगदी तळाला, म्हणजे या दोघांमधला आंबेनळी घाट पूर्ण उतरला तर हा आकडा दुपटीच्याही वर जातो. म्हणून ताम्हिणीत नुसता वास येणारी गाडी आंबेनळीत पेडल सोडते.

आता तपासणी. पहिला प्रश्न, वास चढताना येतो की उतरताना? चढताना येत असेल, त्यातही पसरणी घाटात पाचगणीच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना, तर तो ब्रेकचा नाही, क्लच प्लेटचा आहे. दोन्ही वास जवळपास सारखेच, त्यामुळे लोक हमखास गोंधळतात. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवायची सवय असते ना, तिथेच प्लेट जळते. हँडब्रेक ओढा, पुढची गाडी दोन-तीन गाड्यांएवढी सरकू द्या आणि मग एकदाच उचला. इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी त्या मानाने पळत नाहीये असं होत असेल तर प्लेट घसरतेय, तो खर्च वेगळा, या पोस्टचा विषय नाही.

उतरताना वास येत असेल तर दुसरा प्रश्न, पेडल कसं लागतं? इथे नीट लक्ष द्या कारण उत्तर इथेच आहे.

पेडल मऊ, स्पंजसारखं, दाबत गेलं की जातच राहतंय, आणि गाडी थंड झाल्यावर परत कडक होतंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, हा त्याचा गुणधर्मच आहे, डब्याचं झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून वगैरे हळूहळू ओलावा शिरतोच. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत, त्यातल्या नव्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३०, पण तेच ऑइल पाणी प्यायलं की स्टँडर्डप्रमाणे डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंश एवढंच किमान धरलेलं आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातलं, ऑइल तिथपर्यंत तापू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून तुमचा पाय बुडबुडे दाबत बसतो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. गाडी थंड झाली की वाफेचं परत पाणी होतं, पेडल परत वर येतं आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत पुरावा गायब. त्यामुळेच "आम्हाला तर काही सापडलं नाही" हे ऐकायला मिळतं, तो माणूस खोटं बोलत नसतो.

उपाय साधा आहे, ऑइल पूर्ण बदला. वरून थोडं ओतून लेव्हल करणं म्हणजे बदलणं नाही. चारही चाकांच्या निपलमधून जुनं काढून, एअर काढून, नवीन सीलबंद बाटलीतलं भरायचं. कुठलं भरायचं ते बॉनेट उघडल्यावर डाव्या-उजव्या कोपऱ्यात जो छोटा पारदर्शक डबा असतो त्याच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट ३ की डॉट ४. डॉट ३ लिहिलेल्या बऱ्याच गाड्यांत डॉट ४ चालतं पण मॅन्युअल बघूनच करा, आणि डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते बघा आणि जुनी बिलं काढून बघा, बहुतेकांच्या बिलात पाच-पाच वर्षं "टॉप अप" एवढंच सापडतं. डब्यातलं ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर विचारूच नका. काही गॅरेजमध्ये ओलावा मोजायचा पेनसारखा टेस्टर असतो, समोर बुडवून दाखवायला सांगा. गॅरेजच्या फळीवर झाकण सैल करून ठेवलेली अर्धी बाटली मात्र स्वतःच्या गाडीत ओतू देऊ नका, पुण्यातल्या जुलैच्या हवेत ती आधीच पाणी पिऊन बसलेली असते. आणि ऑइल बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग खातं ते.

पेडल कडक आहे, पाय नीट अडतोय, पण गाडी थांबत नाहीये असं असेल तर गोष्ट वेगळी. एक शक्यता म्हणजे पॅड इतके तापलेत की त्यांची पकडच गेली, यात धूर आणि वास दोन्ही भरपूर. असे एकदा सडकून तापलेले पॅड काढून बघितले तर तोंड काचेसारखं चकचकीत झालेलं असतं, ते थोडं असेल तर गॅरेजवाले पॉलिश पेपरने घासून देतात, जास्त असेल तर बदला, आणि इथे मात्र स्वस्तातले लोकल पॅड टाकू नका. पॅड बदलले तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर शहरात चालवून सेट होऊ द्या, शुक्रवारी संध्याकाळी पॅड टाकून शनिवारी सकाळी घाटात जाणारे महाभाग आहेत. दुसरी शक्यता, तुम्ही उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद झालं की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा नीट ब्रेक लागतो, नंतर पेडल दगड. स्टिअरिंगही जड होतं, आणि चावी काढली तर लॉकच व्हायची भीती.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कचा पृष्ठभाग एकसारखा राहिलेला नाही. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं की हे हमखास होऊ शकतं. विळ्याला चहाच्या टपरीसमोर रविवारी दुपारी अर्धा तास उभं राहिलात तर हा प्रकार बघायला मिळेलच. गाडी येते, पुढच्या उजव्या चाकाच्या जाळीतून पांढरट धूर, सगळे भराभर उतरतात, मागून एक काका पाण्याची बाटली घेऊन पळत येतात, "थांब थांब, हात लावू नकोस, आधी गार करू" म्हणत अख्खी लिटरभर बाटली चाकावर रिकामी, चर्रर्र आवाज, वाफेचा लोट, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. अहो, पाण्याने डिस्कचा एकच भाग अचानक गार होतो, बाकीचा तापलेला, डिस्क वाकडी होऊ शकते नाहीतर तडा जाऊ शकतो. तापलेला ब्रेक हवेनेच गार करायचा. सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता दोनेक किलोमीटर सपाटीवर चालवता आली तर सगळ्यात उत्तम, चाकं फिरत राहिली की वारा लागतो. ते शक्य नसेल तर सुरक्षित जागी लावून अर्धा-पाऊण तास सोडून द्या. लावताना हँडब्रेक करकचून ओढू नका, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. आणि निघताना तो दगड उचलून रस्त्याबाहेर टाका, प्लीज, मागून येणाऱ्या बाइकवाल्याचा विचार करा.

ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एकाच चाकातून वास येत असेल, तर मात्र गाडीत खरंच बिघाड आहे. हे ओळखायला घाटात जायची गरज नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर सात-आठ किलोमीटर जा, ब्रेक कमीत कमी वापरा, थांबा आणि उलटा हात चाकाजवळ न्या, लावू नका, नुसता जवळ. पुढच्या दोन चाकांची धग साधारण सारखी लागायला पाहिजे, मागची दोन थंडावलेली. एकच चाक भट्टीसारखं लागलं तर तो कॅलिपर चिकटतोय. बहुतेक वेळा त्याच्या पिना सुकलेल्या नाहीतर गंजलेल्या असतात, रबर फाटून आत चिखल गेलेला असतो, घाटातले चिखलपाणी तुडवून आल्यावर गाडी पंधरा-पंधरा दिवस पार्किंगमध्ये पडून राहते त्यांना हा त्रास जास्त. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांगा, बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. मागच्या चाकात धग असेल तर हँडब्रेकची केबल अडकतेय का बघा. आणि मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर आतून ड्रमला घासणारे लायनर नीट ॲडजस्ट आहेत ना हेही बघून घ्या, ते सैल असले की पेडल उगाचच लांब जातं आणि सगळा भार पुढच्यांवर.

आता मुख्य मुद्दा, गिअर. एसटीचे जुने ड्रायव्हर एकच सांगतात, ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. याच्यापुढे खरं तर काही सांगायची गरज नाही, पण लोक ऐकत नाहीत. ताम्हिणीच्या उतारावर बहुतेक छोट्या गाड्यांना दुसरा-तिसरा, तीव्र वळणावर दुसराच. आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, गाडी पळायला लागल्यावर नाही. "इंजिन ओरडतंय हो" म्हणून लोक घाबरून वरचा गिअर टाकतात. ओरडू द्या. काटा लाल पट्ट्याच्या बराच खाली आहे तोवर साडेतीन-चार हजार आरपीएमने इंजिनला काही होत नाही. ज्यांच्याकडे एक लिटरचं छोटं टर्बो इंजिन आहे त्यांनी तर शेजारच्या मोठ्या गाडीपेक्षा एक गिअर खालीच राहायचं, छोट्या इंजिनाची गाडी धरून ठेवायची ताकद कमी असते.

आणि न्यूट्रल. उतारावर न्यूट्रल मारून पेट्रोल वाचतं हा समज कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे, तो अजून जात नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला इंधन जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की उलट इंजिनला स्वतः चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे बचत शून्य आणि ती अख्खी उकळती बादली ब्रेकवर. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर, नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर काय काय झालंय ते आपण बघतोच, नोव्हेंबर २०२२ मध्ये तर एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या उडवल्या होत्या. तो उतार घाटाच्या मानाने किरकोळ आहे.

ऑटोमॅटिकवाल्यांचा नेहमीचा प्रश्न, आमच्याकडे गिअरच नाही तर काय करू. आहे. एएमटी (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण गिअर आपोआप पडतो) असेल तर दांडा एम मध्ये घ्या आणि मायनस करत दुसऱ्या-तिसऱ्यावर आणा, डी मध्ये ठेवलं तर उतारावर तुम्ही पाय काढला की बऱ्याच गाड्या शहाणपणा करून वरचा गिअर टाकतात आणि सगळा भार ब्रेकवर. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) एल किंवा एस असतं, बाकीच्यांना एल, २ किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल. गाडी घेतल्यापासून डी सोडून दुसरीकडे दांडा नेलाच नाही असे लोक भरपूर आहेत, एकदा सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर प्रॅक्टिस करा. ईव्हीवाल्यांना रीजनमुळे, म्हणजे पाय काढला की मोटरच गाडी धरते आणि त्या विजेने बॅटरी भरते त्यामुळे, हा त्रास कमीच, फक्त एक गोष्ट, बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रीजनने आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि गाडी रीजन कमी करते. म्हणजे महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून सकाळी शंभर टक्क्यांवर घाट उतरायला घेतला तर सुरुवातीलाच गाडी धरत नाही असं वाटेल. नव्वदच्या आत थांबवा.

गिअर बरोबर असला तरी ब्रेक लागणारच, तो कसा लावायचा? पाय सतत हलका ठेवून देऊ नका. वळणाच्या आधी सरळ पट्ट्यात एकदा ठाम दाबा, स्पीड पाहिजे तेवढा आणा, सोडा, वळण इंजिनवर घ्या. मधल्या वेळात डिस्क गार होते. असं चालवलं की मागच्या सीटवर ज्यांना गाडी लागते त्यांनाही बराच फरक पडतो, सारखे धक्के बसत नाहीत ना. अपवाद एकच, रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढली की डिस्क ओल्या होतात आणि पहिला ब्रेक जरा उशिरा धरतो, तेव्हा बाहेर पडल्यावर मागे कोणी नाही बघून दोन-तीनदा हलका ब्रेक मारून वाळवून घ्या. समोरून घाट चढणारी गाडी आली आणि रस्ता अरुंद असला तर थांबायचं आपणच, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, वरंधमध्ये याच्याशिवाय चालतच नाही. म्हणजे थांबता येईल एवढाच स्पीड ठेवायचा, हे ओघाने आलंच.

घाटाच्या मधोमध पेडल गेलंच तर? इंजिन बंद करायचं नाही, न्यूट्रल तर मुळीच नाही. पेडल भराभर चार-सहा वेळा पंप करा, बऱ्याचदा थोडा ब्रेक परत येतो. त्याच वेळी एकेक करून गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा म्हणजे मागची चाकं एकदम लॉक होणार नाहीत, इलेक्ट्रॉनिक असेल तर बटण ओढून धरून ठेवायचं, बहुतेक गाड्यांत तसा इमर्जन्सी ब्रेक लागतो. हॉर्न आणि हेडलाइट चालू. आणि काहीच जमलं नाही तर दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारात नाहीतर मातीत गाडी घासत न्या. पत्रा जाईल, जाऊ दे.

गॅरेजला नेताना "ब्रेक बघा जरा" एवढंच म्हणू नका, नाहीतर परत पॅडच निघतील. कुठल्या घाटात, कुठल्या गिअरात, गाडीत किती माणसं, पेडल मऊ होतं की कडक, वास एका चाकाचा की दोन्ही, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी पूर्ण बदललं, एवढं कागदावर लिहून जॉबकार्डला लावा. ऑइल बदलून, पिना साफ करून, दुसऱ्या गिअरात उतरूनही पेडल मऊच होत असेल तर पुढचा संशय मास्टर सिलिंडरवर, ज्याला गॅरेजमध्ये ब्रेकचा पंप म्हणतात, आणि रबरी होजवर. पंपाची घरच्या घरी चाचणी अशी, गाडी सपाटीवर उभी, इंजिन चालू, पेडल मध्यम जोराने दाबून मिनिटभर तसंच धरा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर पंप आतून गळतोय नाहीतर कुठेतरी लीक आहे, मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, आणि ते दुरुस्त होईपर्यंत घाट सोडाच, कोथरूडच्या बाहेरही गाडी काढू नका.